पुढच्या माणसासाठी एक घोट

१

मिसेस लिम यांच्या मंडळात एक नियम होता. गोष्ट सांगायची तर आधी घर सांगायचं. कोणत्या गावातल्या, कुणाच्या घरात ती ऐकली, सांगणारं कोण होतं, तेव्हा चुलीपाशी कोण कोण बसलं होतं. घर सांगता आलं नाही, तर गोष्ट कितीही रंगलेली असो, ती वहीत उतरत नसे.

म्हणून मीही आधी घर सांगते. सिंगापूर, बुओना व्हिस्टा, चौथा मजला, दोन बेडरूमचा फ्लॅट. स्वयंपाकघराला दार नाही, त्यामुळे जेवणाच्या टेबलाशी बसलं की समोर गॅस दिसतो. बाल्कनीखाली कॉन्डोचा, म्हणजे आमच्या सोसायटीचा, तरणतलाव आहे. दुपारी त्यावरचं ऊन उसळून आमच्या छतावर येतं आणि तिथे हलत राहतं. खोली पाण्याखाली असल्यासारखी वाटते. साल २००६, महिना नोव्हेंबर.

सांगणारं कुणी नाही. चुलीपाशी मी एकटी होते. निदान तेव्हा मी तसं धरून चालले होते.

२

मिसेस लिम मूळच्या आयर्लंडमधल्या, क्लेअर नावाच्या परगण्यातल्या. एकसष्ट साली इथल्या एका शाळेत शिकवायला आल्या, बरोबर शिकवणाऱ्या चिनी मास्तरांशी लग्न केलं आणि इथल्याच झाल्या. मिस्टर लिम जाऊन दहा वर्षं झाली होती. त्या आमच्याच इमारतीत नवव्या मजल्यावर राहत.

माझा नवरा, निशिकांत, गेला मार्चमध्ये. त्यानंतर लिफ्टमध्ये भेटणारी माणसं मजल्यांच्या आकड्यांकडे बघत उभी राहायची. मिसेस लिमनी सरळ विचारलं, घड्याळ थांबवलंत का? त्यांच्याकडे माणूस गेला की घरातलं घड्याळ बंद करतात. मी म्हटलं, आमच्याकडे दिवा लावून ठेवतात. तेही चांगलं, त्या म्हणाल्या, पुन्हा वेळ लावत बसायची कटकट नाही.

दुसऱ्या दिवशी त्या घरी भाजलेला पाव घेऊन आल्या, आणि काम. इथल्या आयरिश लोकांचं एक लहानसं मंडळ दर शनिवारी तीन वाजता कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये जमायचं. बँकेतले दोघं, एक नर्स, जहाजदुरुस्तीतला फर्गल नावाचा इंजिनिअर, त्यांची मुलं. आपापल्या घरच्या गोष्टी, रीती, म्हणी एकमेकांना सांगायच्या, टेप करायच्या, आणि मार्चमधल्या त्यांच्या सणाला पुस्तिका काढायची. टेप ऐकून टाइप करायला कुणीतरी हवं होतं. मी मराठी दिवाळी अंकांत लिहिते, इंग्रजी टायपिंग येतं, आणि माझे शनिवार रिकामे होते.

“आमच्यातल्या कुणाला दिलं तर तो स्वतःच्या आजीची गोष्ट लांबवेल,” मिसेस लिम म्हणाल्या. “तुमची आजी यात नाही.”

मला ते शनिवार आवडू लागले. अमुक काटेरी झाड तोडू नये, अमुक दिवशी घरातलं दूध बाहेर देऊ नये, असलं सगळं ती माणसं भाजीचे भाव सांगावेत तशा आवाजात सांगायची. सोमवारी मी हेडफोन लावून टाइप करायला बसे, आणि छतावर पाणी हलत राही.

३

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी मिसेस लिमनी स्वतःच्या आजीच्या घरातली रीत सांगितली. दोन नोव्हेंबरला संध्याकाळी घर झाडायचं. चुलीकडे तोंड करून एक खुर्ची मांडायची, जवळ पेलाभर पाणी ठेवायचं, दाराची कडी काढायची आणि लवकर झोपून जायचं. घरातलं गेलेलं माणूस येतं, बसतं, पाणी पितं. सकाळी उरलेलं पाणी झाडाच्या मुळाशी ओतायचं, खुर्ची जागेवर ठेवायची, झालं.

फर्गलच्या धाकटीनं, इथल्या मुलांसारखं वाक्याला ‘लाह’ जोडत, विचारलं, आयर्लंडहून इथपर्यंत यायचं, आणि एमआरटी ट्रेनचं कार्ड नाही, मग येणार कसं लाह?

“चालत,” मिसेस लिम म्हणाल्या. “त्यांना घाई नसते.”

सगळे हसले. मग त्यांनी एवढंच जोडलं की पाणी एकदाच ठेवायचं, पुन्हा भरायचं नाही. का, ते कुणी विचारलं नाही. मी तसंच टाइप केलं.

४

निशिकांत चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसात, दुपारी साडेतीनला, टेबलाशी बसल्या बसल्या गेला. मला फोन आला तेव्हा लवकर या एवढंच सांगितलं होतं. टॅक्सी करायचं मला सुचलं नाही. मी रोजच्यासारखी एमआरटीनं निघाले. तनाह मेराला गाडी बदलताना रांगेत उभी राहिले, उतरणाऱ्यांना आधी उतरू दिलं. पोचले तेव्हा त्याच्यावर चादर होती.

सासूबाईंनी दिलेली गंगेच्या पाण्याची कुपी घरात देवापाशी होती, डाख न फोडलेली. शेवटचं पाणी त्याच्या तोंडात पडलं नाही. हे मी कुणापाशी बोलले नाही. आमच्या मुलीपाशी, आर्यापाशीही नाही. ती तेव्हा मेलबर्नला शिकत होती.

पाण्याच्या बाबतीत निशिकांतची एक सवय होती. भांडंभर पाणी त्यानं कधी संपवलं नाही. तळाशी एक घोट ठेवून उठायचा. भांडी मी आवरायची, त्यामुळे मी रोज विचारायचे, “हा कुणासाठी ठेवलास?”

“पुढच्या माणसासाठी,” तो म्हणायचा. “त्यानं काय तहानलेलं राहायचं?”

सव्वीस वर्षं तोच विनोद. शेवटी शेवटी मी विचारणं सोडलं होतं, तरी तो उत्तर देऊन उठायचा.

५

दोन नोव्हेंबरला मी घर झाडलं. पेल्याऐवजी त्याचं फुलपात्र घेतलं, लग्नातलं, काठावर त्याचं नाव घातलेलं. शिगोशीग भरून टेबलावर ठेवलं. त्याची खुर्ची गॅसकडे वळवली. कडी काढताना स्वतःचं जरा हसू आलं. आडवी झाले ती थेट सकाळपर्यंत झोपले. आठ महिन्यांत तशी झोप लागली नव्हती.

सकाळी फुलपात्रात तळाशी एक घोट पाणी होतं.

एसीच्या हवेनं पाणी कमी होतं, पण एका रात्रीत भांडं रितं होत नाही. मी आदल्या दिवशी अर्धवट भरलं असेल, असं मनाला सांगून पाहिलं. शिगोशीग भरल्यामुळे टेबलावर सांडलेला थेंब पुसल्याचंही आठवत होतं. मी खाली फरशीवर बसले. भीती वाटली नाही. वाटली ती शरम. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला एक भांडं पाणी.

पुढचं माझ्या हातांनी केलं. माझ्या माहेरी, सांगलीला, पाहुण्यासमोरचं भांडं रितं दिसणं म्हणजे घराची अब्रू जाणं. पहिल्या नकाराला कुणी नकार मानत नसे. पाहुणा ताटावर आडवा हात धरायचा, तेव्हाच वाढणं थांबायचं, आणि कित्येकदा तेव्हाही नाही. आईनं आम्हाला दुसरं काही शिकवलं नसेल, पण आग्रह शिकवला.

मी जग आणला आणि फुलपात्र भरलं.

“घे अजून,” म्हटलं.

६

त्यानंतरचे दिवस मला नीट सुटे सुटे आठवत नाहीत. दुपारी पाऊस येई, तलावावर थेंबांची जाळी पडे, छतावरचं पाणी विझे आणि पुन्हा पेटे. मी टेबलाच्या या बाजूला टाइप करत बसे. त्या बाजूला त्याची खुर्ची. सकाळी उठले की तळाशी एक घोट. मी तो झाडाच्या कुंडीत ओती आणि भांडं पुन्हा भरी. कधी हेडफोन काढला की गिळल्याचा आवाज नुकताच होऊन गेल्यासारखं वाटे. फ्रिज असेल, मी म्हणे.

मी शिकलेली बाई आहे. त्याच संचातलं दुसरं फुलपात्र तेवढंच भरून मी गॅसच्या ओट्यावर ठेवलं, पडताळ्यासाठी. ते पाच दिवसांत नखभरही उतरलं नाही. खरं तर तेव्हा मी घाबरायला हवं होतं. मला आनंद झाला. मी त्याला आर्याच्या परीक्षेचं सांगितलं. तनाह मेराच्या रांगेचं सांगितलं. ते सांगून झाल्यावर दुपारी दोन तास झोपले, टेबलावरच डोकं ठेवून.

चौदा तारखेला आंघोळीला जाताना तळाशी घोट होता. बाहेर आले तेव्हा फुलपात्र कोरडं होतं. संपलेलं नव्हे, कोरडं. पुसून ठेवल्यासारखं.

निशिकांतनं असं कधी केलं नव्हतं. मी मनाशी म्हटलं, तहान वाढली असेल, आणि भरलं.

मग रोजच तसं होऊ लागलं. सकाळी घोट, आणि मी पाठ वळवली की तोही नाही. त्याच आठवड्यात केव्हातरी माझ्या लक्षात आलं की टेबलाची तिसरी खुर्ची, जिच्यावर कुणीच बसत नाही, ती थोडी बाहेर ओढलेली आहे. मी आत सारली. संध्याकाळी ती पुन्हा बाहेर होती. निशिकांतची खुर्ची गॅसकडे बघत होती. या खुर्चीची गॅसकडे पाठ होती. तिचं तोंड आर्याच्या खोलीकडे होतं.

७

अठरा तारखेच्या शनिवारी चहाच्या वेळी, टेप चालूच असताना, मी सहज बोलून गेले की मी रोज पाणी भरते. सोमवारी ती टेप ऐकली. माझ्या वाक्यानंतर एक बशी ठेवल्याचा आवाज येतो. फर्गल खोकतो.

“किती वेळा?” मिसेस लिमचा आवाज.

“मोजलं नाही. संपलं की.”

“सांगितलं होतं ना, एकदाच.”

“आमच्याकडे एकदा वाढून थांबत नाहीत,” मी म्हणते. “अपमान होतो.”

मग त्या अगदी हळू, वर्गात हुशार मुलीची चूक दाखवावी तशा म्हणतात, “मेधा, तुमचा माणूस एका पाण्यावर आला होता. पुढचं पाणी त्याच्या नावाचं नव्हतं.”

तिथे टेप बंद केल्याचा खटका आहे.

त्या शनिवारीच त्या माझ्याबरोबर वर आल्या, पण दारातल्या चपलांच्या कपाटाच्या पुढे आत आल्या नाहीत. तिथूनच त्यांनी टेबलाकडे बराच वेळ पाहिलं. मी चहा विचारला. चहाला नाही म्हणताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, आज नको. मुलगी कधी येते ते विचारलं. अठ्ठावीसला, मी म्हटलं.

“मग त्याच्या आत. दिवसाउजेडी. पाणी झाडाला घाला, दार उघडा, शेजाऱ्याला पोचवतो तसं पोचवा.” लिफ्टचं बटण दाबल्यावर त्या पुन्हा वळल्या. “परत आलात की सगळ्या खुर्च्या नीट आत सारा. सगळ्या.”

मी रविवारी करणार होते, मग सोमवारी, मग बुधवारी. पोचवायचं म्हणजे सकाळचा तो घोटही जाणार होता. आर्याचा फोन आला. “आई, my bed still there, right? मी तर आल्यावर फक्त झोपणार लाह, don't wake me.” मी म्हटलं, आहे, चादरही बदलली आहे. बोलताना मी तिसऱ्या खुर्चीकडे बघत होते. तिच्या आणि आर्याच्या दाराच्या मधली फरशी मी मोजली. सहा लाद्या. आदल्या दिवशी त्या सात होत्या.

८

सत्तावीस तारखेला, सोमवारी दुपारी, पाऊस थांबल्यावर मी देवापाशी गेले आणि सासूबाईंची कुपी घेऊन आले. डाख फोडली. नियम मला ठाऊक होता. पण हे पाहुण्याचं पाणी नव्हतं. हे मार्चमध्ये राहिलेलं होतं. ते दिल्यावर मी त्याला जा म्हणणार होते.

फुलपात्रात सकाळचा घोट होता. मी कुपी तिरकी केली.

पाणी आत गेलं नाही.

ते काठाच्या बोटभर वर, कशावर तरी पडलं आणि पसरलं. मग चार ओघळांत बाजूंनी खाली आलं. तीन सरळ आले. चौथा कडेला येऊन बाहेर वळला, जसा तो करंगळी वाकडी असलेल्या हातावरून वळेल. निशिकांतची करंगळी शाळेत क्रिकेटचा चेंडू लागून मोडली होती आणि तशीच जुळली होती. क्षणभर ओल्या चकाकीत हात होता. पालथा, भांड्यावर आडवा. मग पाणी टेबलावर सांडून गेलं आणि हवा हवेसारखी झाली.

मी हसले. हुंदका येणार असं वाटलं होतं, आलं ते हसूच. सव्वीस वर्षांत त्यानं माझ्या वाढण्यावर एकदाही आडवा हात धरला नव्हता. काही वाढलं की खायचा, निम्मं टाकायचा, पण नको म्हणायचा नाही.

“पुरे ना?” मी विचारलं. “बरं. चल, पोचवते.”

फुलपात्र घेऊन दार उघडलं. लिफ्ट मजल्यावर येऊन उभी होती, दार उघडं. मी बटण दाबलं नव्हतं. आत मी एका बाजूला सरकून उभी राहिले. खाली तलावाशेजारच्या पर्जन्यवृक्षाच्या मुळाशी मी तो घोट ओतला. ओल्या मातीत तो लगेच जिरला. वर पानांत कोकिळा ओरडत होती. मी बराच वेळ तिथे उभी राहिले. पाठीमागे कुणी नाही, हे मला कळलं. गाडी सुटल्यावर रिकामा प्लॅटफॉर्म कळतो तसं. फार हलकं वाटलं.

वर येताना, दुसऱ्या मजल्याच्या आसपास, मला तो हात पुन्हा दिसला, मनात. ताटावर नको म्हणणारा हात सैल असतो, तळवा वाढणाऱ्याकडे थोडा उचललेला. हा तसा नव्हता. हा घट्ट दाबून धरलेला होता, माशी बसू नये म्हणून भांडं झाकतात तसा.

आत आले. निशिकांतची खुर्ची रिकामी होती, कुठलीही खुर्ची असते तेवढीच. ओट्यावरचं पडताळ्याचं फुलपात्र, जे इतके दिवस नखभरही उतरलं नव्हतं, कोरडं होतं. पुसून ठेवल्यासारखं. शेजारी मी भरून ठेवलेला जगही.

तिसरी खुर्ची आर्याच्या दारापासून दोन लाद्यांवर होती.

मिसेस लिमनी सांगितल्याप्रमाणे मी ती आत सारायला गेले. पाठीला हात लावला. ती हलली नाही. माणूस बसलेली खुर्ची हलत नाही तशी हलली नाही.

मी नळ सोडला आणि जग भरला.

९

आर्या आली, झोपली, खाल्लं, जानेवारीत परत गेली. तिला काही झालं नाही. टेबलावर एवढा मोठा जग कशाला, एवढंच तिनं एकदा विचारलं. घरात पाणी भरलेलं असावं, मी म्हटलं. तिसऱ्या खुर्चीवर तिनं सुट्टीभर एकदाही बॅग ठेवली नाही. का, ते तिलाही माहीत नसावं.

पुस्तिका मार्चमध्ये निघाली. खुर्चीची रीत त्यात आहे, तिचा नियमही आहे. मी नाही. मिसेस लिम दोन वर्षांनी, झोपेत गेल्या. मंडळ अजून शनिवारी जमतं, त्यांची खुर्ची नोव्हेंबरात मांडतात, पाणी एकदाच ठेवतात. फर्गलची धाकटी आता ते काम करते, आणि जग लगेच दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवते.

महाराष्ट्र मंडळातली माणसं माझ्याकडे आली की मागे बोलतात, ते मला कळतं. मेधाताई फार बदलल्या, एकदा विचारतात आणि बसून राहतात, पुन्हा घ्या म्हणून म्हणत नाहीत. खरं आहे. माझ्याकडे हल्ली कुणाला आग्रह होत नाही.

मी हे घर सोडलेलं नाही. सकाळी, दुपारी, संध्याकाळी भरते. गेल्या वर्षी एकदा एमआरटी बंद पडली आणि मला यायला तासभर उशीर झाला. तेव्हा खुर्ची दोन लाद्यांवरून एकीवर आली होती. सुट्टीला आलेली आर्या त्या दिवशी आत अभ्यास करत बसली होती, दाराला पाठ करून. तेव्हापासून मी उशीर करत नाही. या डिसेंबरात ती कायमची परत येते आहे, नोकरी इथेच लागली आहे. खोलीला नवा रंग दिला आहे, फिकट निळा.

तळाशी घोट आता कुणी ठेवत नाही. मी फुलपात्र भरते, काठोकाठ, आणि खुर्चीसमोर सरकवते.

“सावकाश,” मी म्हणते. “अजून आहे.”